बेस कोण वाजवतो आहे? : जॅझ, फंक आणि सोल मिसळणाऱ्या जपानी पॉपची ओळख

जपानी पॉप संगीताकडे नव्याने वळणाऱ्याला मी नेहमी दोन गाणी लागोपाठ ऐकायला सांगतो. पहिले तात्सुरो यामाशिता यांचे १९८२ सालचे 'स्पार्कल' आणि दुसरे मारिया ताकेउची यांचे १९८४ सालचे 'प्लास्टिक लव्ह'. एक गाणे उन्हात चमकणाऱ्या समुद्रासारखे मोकळे आहे, तर दुसऱ्यात प्रेमात पोळल्यामुळे आता प्रेमाचा केवळ खेळ मांडणारी एक स्त्री बोलते. गायक वेगळे, भाव वेगळा, तरीही दोन्ही ऐकून झाल्यावर ती एकाच घरातली आहेत असे वाटत राहते. त्याचे एक कारण म्हणजे ताकेउची या यामाशिता यांच्या पत्नी आहेत आणि 'प्लास्टिक लव्ह'चे संगीत संयोजन यामाशिता यांचेच आहे. पण त्याहून महत्त्वाचे कारण गायकाच्या आवाजामागे दडलेले आहे, आणि ते म्हणजे दोन्ही गाण्यांत ड्रम्सवर जुन आओयामा आणि बेस गिटारवर, म्हणजे खर्जातल्या सुरांच्या गिटारवर, कोकी इतो ही एकच जोडी बसलेली आहे.

या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच, की जॅझ, फंक आणि सोल यांच्या मिश्रणातून घडलेल्या जपानी पॉपमध्ये फिरायचे असेल तर गायकाच्या नावापेक्षा वादकांची आणि संयोजकांची नावे अधिक भरवशाची वाट दाखवतात. ही वाट धरण्यापूर्वी या तीन प्रकारांतून नेमके काय घेतले गेले आणि ते जपानी भाषेत कसे बसले, हे समजून घ्यावे लागेल.

सोल, फंक आणि जॅझ हे तिन्ही प्रकार अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाचे देणे आहेत. सोलची मुळे चर्चमधल्या सामूहिक गायनात आहेत, म्हणूनच त्यात मुख्य गायकाने हाक द्यायची आणि मागच्या आवाजांनी तिला ओ द्यायची ही रीत आढळते, आणि चार मात्रांच्या आवर्तनात टाळी पहिल्या मात्रेवर न पडता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. फंकमध्ये जेम्स ब्राऊन यांनी हा तोल बदलला. त्यांच्या वाद्यवृंदात सगळा भार पहिल्या मात्रेवर येऊन पडतो, आपल्याकडे समेवर यावे तसा, आणि उरलेल्या जागेत बेस, गिटार, ड्रम्स आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन एकमेकांच्या फटींमध्ये आपापले छोटे तुकडे बसवतात. प्रत्येक मात्रेचे चार भाग करून, म्हणजे चौगुनीत, असे सोळा ठोके मनात चालू ठेवायचे आणि त्यांतले मोजकेच प्रत्यक्ष वाजवायचे, हे फंकचे मर्म आहे. कोणते ठोके गाळले यावर त्या संगीताची डौलदार चाल ठरते. जॅझकडून पॉपला प्रामुख्याने कॉर्डचे, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचे, वैभव मिळाले. साध्या गाण्यात तीन स्वर एकत्र वाजवून काम भागते, पण जॅझच्या कॉर्डमध्ये चौथा, पाचवा स्वर येऊन मिसळतो आणि आनंद की खिन्नता हे पटकन सांगता येऊ नये असा संमिश्र रंग तयार होतो.

'स्पार्कल'ची सुरुवात या दृष्टीने अगदी जवळून ऐकण्यासारखी आहे. आरंभी एकटी इलेक्ट्रिक गिटार वाजते. उजवा हात वर-खाली अखंड फिरत असतो, पण आवाज कधी उमटवायचा आणि कधी दाबायचा हे डावा हात ठरवतो. बोटे तारांवर दाबली की कॉर्ड खणखणीत वाजते, बोटे किंचित सैल केली की त्याच तारांवर नुसता 'चिक' असा कोरडा आवाज येतो. जपानी वादक या पद्धतीला 'कटिंग' म्हणतात. त्या काही सेकंदांत गिटार हे सुरांचे वाद्य न राहता तालवाद्य होते, आणि सोळा ठोक्यांचा तो हिशेब पुढे बेस आणि ड्रम्स येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या अंगात भिनलेला असतो. चांगले हेडफोन लावून ही सुरुवात चार-पाच वेळा ऐकावी, मग मधले दाबलेले ठोकेही वेगळे ऐकू येऊ लागतात.

हे सगळे जपानमध्ये पोहोचले कसे? जॅझ तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच आलेले होते. योकोहामा हे बंदराचे शहर, आणि तिथल्या नोगे भागात १९३३ साली 'चिगुसा' नावाचे जॅझ किस्सा सुरू झाले. किस्सा म्हणजे कॉफीचे दुकान. परदेशी तबकडी विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे लोक एका कप कॉफीच्या किमतीत दुकानमालकाच्या संग्रहातली तबकडी ऐकायला येत. अशा अनेक दुकानांत बोलायला मनाई असे, कारण माणसे तिथे गप्पांसाठी येतच नसत. युद्धानंतर पियानोवादक तोशिको आकियोशी आणि सॅक्सोफोनवादक सादाओ वातानाबे हे तरुण कलाकार चिगुसामध्ये तबकड्या ऐकून शिकले, आणि पुढे दोघांनीही जगभर नाव कमावले. एखादे संगीत पुन्हा पुन्हा, मान खाली घालून, प्रत्येक वाद्य वेगळे काढून ऐकायचे, ही सवय जपानी श्रोत्यांना या दुकानांनी लावली असे मला वाटते, आणि पुढच्या पिढ्यांच्या पॉप संगीतातली कमालीची नेटकी कारागिरी मला त्याच सवयीचे फळ वाटते.

१९४५ ते १९५२ या काळात जपान मित्रराष्ट्रांच्या, प्रत्यक्षात अमेरिकेच्या, लष्करी ताब्यात होते. सैनिकांच्या क्लबांना रोज वाजवणारे लागत, त्यामुळे असंख्य जपानी वादकांना अमेरिकी गाणी हुबेहूब वाजवण्याचे काम मिळाले. ताबा संपल्यावरही लष्करी तळ राहिले आणि सैनिकांसाठी चालवलेले इंग्रजी रेडिओ केंद्रही राहिले. १९५० च्या दशकात टोकियो आणि परिसरात जन्मलेल्या मुलांना घरबसल्या अमेरिकेतली ताजी सोल गाणी त्या केंद्रावर ऐकता येत. यामाशिता यांचा जन्म १९५३ चा आहे, म्हणजे ते याच पिढीतले.

इथे एक खरी अडचण उभी राहिली, आणि ती भाषेची होती. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर आघात येतो आणि बाकीचे अवयव घाईने उच्चारले जातात, त्यामुळे आघात ठोक्यावर ठेवला की ओळ आपोआप डुलू लागते. जपानी भाषेत असा आघात नाही. तिथे प्रत्येक ध्वनिमात्रेला साधारण सारखाच वेळ मिळतो. मराठी वाचकाला हे समजायला सोपे जावे, कारण आपण मात्रावृत्तात लघूची एक आणि गुरूच्या दोन अशा मात्रा मोजतोच. 'टोकियो' हे नाव जपानी माणूस तो-ओ-क्यो-ओ असे चार मात्रांत म्हणतो, आणि 'निप्पोन' या शब्दात तर नि, प्, पो, न् अशा चार मात्रा होतात, म्हणजे जोडाक्षरातल्या अडलेल्या 'प्'ला आणि शेवटच्या 'न्'लाही स्वतंत्र मात्रा मिळते. असे समान लांबीचे मणी रॉक किंवा फंकच्या उसळत्या ठेक्यावर ओवायचे कसे, यावर १९७० च्या सुमारास जपानी संगीत वर्तुळात जाहीर वाद झाला. रॉक इंग्रजीतच गावे, तरच ते जगात पोहोचेल, असे एक बाजू म्हणत होती. दुसऱ्या बाजूला 'हॅपी एंड' हा चौघांचा गट होता, ज्याने मातृभाषेतच गायचे ठरवले होते.

हारुओमी होसोनो, एइइची ओताकी, ताकाशी मात्सुमोतो आणि शिगेरू सुझुकी हे ते चौघे. १९७१ साली आलेल्या 'काझेमाची रोमान' या त्यांच्या अल्बमने हा वाद प्रत्यक्ष गाऊन निकालात काढला. गीते लिहिणारे मात्सुमोतो गटात ड्रम्सही वाजवत, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण शब्द कुठे तोडायचा आणि कुठे लांबवायचा हे ठरवणारा माणूस ठेका स्वतःच्या हातांनी धरणारा होता. शब्द त्याच्या नैसर्गिक जागी न तोडता ठेक्याच्या सोयीने तोडायचा, स्वर ताणून पुढच्या मात्रेवर न्यायचा, असे केले की समान मात्रांची जपानी भाषा अडचण न राहता तालाचे साधन होते. प्रत्येक अक्षर हलक्या हाताने वाजवलेल्या डग्गा-तबल्याच्या बोलासारखे स्पष्ट पडू लागते. त्याचबरोबर एका ओळीत मावणारा मजकूर इंग्रजीपेक्षा कमी असतो, म्हणून ही गीते गोष्ट सांगत बसत नाहीत, ती एखादे दृश्य दाखवतात आणि बाजूला होतात. कडव्यात जपानी आणि ध्रुवपदात एखादा इंग्रजी तुकडा, ही पुढे रूढ झालेली रीतही मी याच दृष्टीने ऐकतो, कारण जिथे ठणकावून आघात हवा तिथे इंग्रजी शब्द कामाला येतो.

हॅपी एंड लवकरच विखुरला, पण त्याच्या फांद्या सगळीकडे पसरल्या. होसोनो आणि सुझुकी यांनी ड्रमवादक तात्सुओ हायाशी आणि कीबोर्डवादक मासाताका मात्सुतोया यांना घेऊन 'कॅरॅमल ममा' हा वादकांचा गट बांधला, जो नंतर 'टिन पॅन ॲली' या नावाने ओळखला गेला. १९७३ साली युमी आराई या तरुण गायिकेच्या पहिल्या अल्बमला याच गटाने साथ केली. दुसरीकडे ओताकी यांनी आपल्या 'नायगारा' या लेबलवरून १९७५ साली 'शुगर बेब' या गटाचा 'साँग्स' हा अल्बम काढला. शुगर बेबमध्ये तात्सुरो यामाशिता आणि ताएको ओनुकी हे दोघे गात आणि गाणी रचत. गट एका अल्बमनंतर मोडला, पण जपानी पॉपमध्ये ज्या मोजक्या तबकड्यांपासून पुढचे पुष्कळ काही सुरू झाले असे म्हणता येते, त्यांत 'साँग्स'चा क्रम वरचा लागेल.

शुगर बेबनंतर यामाशिता १९७६ साली थेट न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या वादकांसोबत 'सर्कस टाऊन' हा अल्बम ध्वनिमुद्रित करून आले. न्यूयॉर्कच्या बाजूचे संयोजन चार्ली कॅलेलो यांनी केले. पुढच्याच वर्षीच्या 'स्पेसी'मध्ये मात्र त्यांनी टोकियोतच तोलामोलाचे वादक जमवले. ड्रम्सवर शुइची 'पोन्ता' मुराकामी आणि बेसवर होसोनो ही त्यांतली दोन मोठी नावे. सोलमधला मागच्या आवाजांचा समूह उभा करताना यामाशिता अनेकदा सगळे आवाज स्वतःच एकावर एक गाऊन भरतात, आणि १९८० सालच्या 'ऑन द स्ट्रीट कॉर्नर'मध्ये तर त्यांनी एकट्याच्या गळ्यातून संपूर्ण गायकवृंद उभा केला आहे.

ओनुकी यांचा १९७७ चा 'सनशॉवर' माझ्या मते या साऱ्या परंपरेतला सर्वांत सुंदर अल्बम आहे. त्याचे संयोजन रयुइची साकामोतो यांनी केले, जे पुढे चित्रपट संगीतामुळे जगभर पोहोचले, आणि ड्रम्ससाठी 'स्टफ' या अमेरिकी गटाचे क्रिस पार्कर आले. ओनुकी यांचा आवाज बारीक, सरळ आणि जवळजवळ अलिप्त आहे, सोल गायिकेकडून अपेक्षित असलेला भरदारपणा त्यात अजिबात नाही, आणि त्याच्याखाली मात्र दणकट, लवचीक फंक चालू असते. हा विरोध मुद्दाम ऐकावा. अमेरिकी सोलची नक्कल करायची असती तर असा आवाज कोणी निवडला नसता. अल्बम निघाला तेव्हा फारसा खपला नाही. चार दशकांनी, २०१७ साली, जपानमधल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात हीच तबकडी शोधायला अमेरिकेतून आलेला एक चाहता दिसला आणि त्यानंतर तिच्या नव्या आवृत्तीला जपानमध्येच मागणी आली.

आता वादकांचा माग काढण्याची रीत किती उपयोगी पडते ते पाहा. मिकी मात्सुबारा यांचे 'मायोनाका नो दोआ', म्हणजे 'मध्यरात्रीचे दार', हे १९७९ सालचे गाणे डिसेंबर २०२० मध्ये स्पॉटिफायच्या जागतिक व्हायरल यादीत पहिल्या स्थानावर गेले. रेनिच या इंडोनेशियन गायिकेने ते त्याच वर्षी नव्याने गायले होते आणि टिकटॉकवरही ते पसरत गेले. मात्सुबारा यांचे २००४ सालीच निधन झाले असल्यामुळे हे यश त्यांना पाहता आले नाही. बहुतेक नवे श्रोते या गाण्यापाशी थांबतात आणि मग 'यासारखे आणखी काय' असे विचारतात. उत्तर श्रेयनामावलीत आहे. रचना आणि संयोजन तेत्सुजी हायाशी यांचे, बेसवर त्सुगुतोशी गोतो, आणि ड्रम्सवर तात्सुओ हायाशी, म्हणजे ज्यांनी १९७३ साली युमी आराई यांच्या पहिल्या अल्बमला ठेका दिला तेच. एका नावामुळे सहा वर्षांचे अंतर ओलांडून आपण दुसऱ्या घराच्या अंगणात जाऊन उभे राहतो.

या संगीताला 'सिटी पॉप' हे नाव मिळाले ते बाजारामुळे. १९७९ च्या जुलैमध्ये सोनीने वॉकमन आणला, मोटारीत कॅसेट वाजू लागली, आणि शहरातल्या नोकरदार तरुणांना चालता-चालता किंवा समुद्राकडे गाडी नेताना ऐकायला संगीत हवे होते. यामाशिता यांचे १९८० चे 'राइड ऑन टाइम' लोकांपर्यंत पोहोचले ते कोऱ्या कॅसेटच्या जाहिरातीतून, ज्यात ते स्वतः दिसले होते. मला हे लेबल फार उपयोगाचे वाटत नाही. ते तारुण्य, समुद्र आणि रात्रीचे दिवे यांची चित्रे डोळ्यांपुढे आणते, पण संगीत कसे बांधले आहे याबद्दल काहीच सांगत नाही, आणि १९९० नंतरचे सारे गट त्यातून बाहेर राहतात.

त्या नंतरच्या गटांपैकी १९९० च्या दशकातले पुष्कळसे काम टोकियोच्या शिबुया भागातल्या तबकड्यांच्या दुकानांभोवती घडले. 'पिझिकाटो फाइव्ह'मध्ये काही काळ गायलेले ताकाओ ताजिमा यांचा 'ओरिजिनल लव्ह' हा गट त्यांतला सर्वांत अस्सल सोल आहे. ओसाकाच्या 'इगो-रॅपिन'मध्ये योशिए नाकानो यांच्या घोगऱ्या गळ्यातून जुन्या रात्रक्लबांचे जॅझ पुन्हा जिवंत झाले.

जॅझच्या कॉर्डने आजच्या जपानी पॉपवर किती पकड घेतली आहे, हे एका गाण्यावरून प्रत्यक्ष करून पाहता येते. गायिका शीना रिंगो यांच्या १९९९ सालच्या पहिल्या अल्बममध्ये 'मारुनोउची सॅडिस्टिक' नावाचे गाणे आहे. मारुनोउची हा टोकियो स्थानकालगतचा कचेऱ्यांचा भाग. या गाण्यात फिरणाऱ्या कॉर्डची मालिका इतकी लोकप्रिय झाली की जपानी वादक तिला गाण्याच्या नावावरून 'मारुसा' मालिका म्हणतात. मूळ मालिका त्याहून जुनी आहे, ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या १९८० च्या 'वाइनलाइट' अल्बममध्ये बिल विदर्स यांनी गायलेल्या 'जस्ट द टू ऑफ अस'मध्ये ती ऐकू येते.

घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर ही मालिका दोन मिनिटांत हाताखाली येते. पांढरी एक सा धरावा. पहिल्यांदा मध्य सप्तकातले म आणि ध आणि त्यांच्यावर तार सप्तकातले सा आणि ग असे चार स्वर एकदम दाबावेत. दुसऱ्यांदा चारही बोटे एकेक पायरी खाली न्यावीत, म्हणजे म चा ग होतो, शुद्ध ध चा कोमल ध, तार सा चा नि आणि तार ग चा तार रे. तिसऱ्यांदा ग आपल्या जागी ठेवून कोमल ध वरचे बोट प वर, नि वरचे ध वर आणि तार रे वरचे तार सा वर उतरवावे. चौथ्यांदा केवळ एकच बोट हलवायचे, ध वरून कोमल नि वर. मग पुन्हा पहिल्या स्वरांकडे जावे. दुसऱ्या पायरीवरचा कोमल ध कानाला क्षणभर खुपतो, कारण आधीचा शुद्ध ध अजून कानात असतो, आणि त्या खुपण्यातच या चालीची सारी ओढ साठवलेली आहे. चौथ्या जागी सा, ग, प हे घरचे तिन्ही स्वर हजर असतात, पण सोबत कोमल नि असल्यामुळे तिथे विसावा मिळत नाही, कोमल नि खाली ध कडे झुकतो, ग वर म कडे ओढला जातो आणि चक्र पुन्हा सुरू होते. घराच्या दारापर्यंत येऊन आत न जाता पुढे निघून जाणारी ही चाल आहे. एका बोटाच्या अंतराने रंग कसा बदलतो हे स्वतःच्या हाताने वाजवून पाहिल्यावर, जॅझचा रंग म्हणजे काय हे मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शीना रिंगो यांच्या त्या पहिल्या अल्बममध्ये संयोजन करणारे आणि बेस वाजवणारे सेइजी कामेदा पुढे त्यांच्या 'टोकियो जिहेन' या पाच जणांच्या गटातही बेसवर बसले. हा गट २०१२ साली थांबला आणि १ जानेवारी २०२० रोजी पुन्हा उभा राहिला. पाचही जण स्वतंत्रपणे अव्वल वादक असल्यामुळे त्यांच्या गाण्यात प्रत्येक वाद्य स्वतःची कथा सांगत असते, आणि तरीही गाणे ठासून पॉपच राहते.

संयोजकाच्या नावाने माग काढायचा तर केइइची तोमिता यांच्यासारखे उदाहरण नाही. १९९८ साली होरिगोमे बंधूंच्या 'किरिंजी' या गटाचा पहिला अल्बम त्यांच्या हाताखाली झाला. किरिंजीची गाणी वरवर ऐकताना हलकीफुलकी वाटतात, पण त्यांची अंतर्रचना इतकी गुंतागुंतीची आहे की अमेरिकेच्या 'स्टीली डॅन' या गटाशी त्यांची तुलना होत आली आहे. २००० साली गायिका मिसिया यांच्या अफाट गाजलेल्या 'एव्हरीथिंग' या गाण्याचे संयोजनही तोमिता यांचेच. आणि 'तोमिता लॅब' या नावाने २०१६ साली त्यांनी 'सुपरफाइन' हा अल्बम काढला, तेव्हा गायला बोलावले ते तेव्हाच्या अगदी ताज्या पिढीला, ज्यात 'सेरो'चे शोहेई ताकागी आणि 'सचमॉस'चे योन्स होते. ज्याला नवे गट शोधायचे आहेत त्याच्यासाठी असा एक अल्बम म्हणजे अनेक दारांचे घर आहे.

सेरोचा २०१५ चा 'ऑब्स्क्युअर राइड' ऐकताना पहिल्यांदा ठेका चुकतो आहे असे वाटण्याची शक्यता आहे. तसे नाही. अमेरिकेत जे डिला या निर्मात्याने यंत्रावर ठेके बांधताना काही ठोके किंचित पुढे-मागे सरकवून ठेवले, आणि सोल गायक डीअँजेलो यांच्या २००० सालच्या 'वूडू' अल्बममध्ये तीच लडखडती चाल प्रत्यक्ष वादकांनी हातांनी वाजवली. बेस मात्रेच्या जरा मागे रेंगाळतो, हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली झांजांची जोडी, सरळ चालते, आणि दोन्हींमधल्या बारीक फटीत ऐकणाऱ्याचे शरीर झुलू लागते. सेरोने हा झुलता ठेका जपानी शब्दांच्या समान मात्रांखाली अंथरला. वर मात्रा नीट मोजलेल्या आणि खाली जमीन हलती, असा हा अनुभव आहे, आणि हॅपी एंडने १९७१ साली हाती घेतलेल्या प्रश्नाचे हे आणखी एक, फार वेगळे उत्तर आहे. टोकियोच्या 'वाँक' या गटाने हीच वाट जॅझच्या अंगाने पुढे नेली आहे, तर २००० साली सुरू झालेल्या 'लॅम्प'ने ठेक्यापेक्षा ब्राझीलच्या बोसा नोव्हाची कोवळी कॉर्डरचना जवळ केली.

नव्या माणसाने प्रत्यक्ष शोध कसा घ्यावा? ॲपमध्ये रोमन लिपीत नाव टाकून बरेचदा अर्धेच हाती लागते, म्हणून कलाकाराचे नाव जपानी लिपीत कुठून तरी उतरवून घ्यावे आणि तेच शोधपट्टीत टाकावे. आवडलेल्या गाण्याच्या अल्बमची श्रेयनामावली वाचावी आणि बेस, ड्रम्स व संयोजन या तीन नावांपासून पुढे जावे. गाणे प्रथम जसे आहे तसे ऐकावे, दुसऱ्यांदा मात्र गायकाकडे लक्ष न देता सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त बेस ऐकावा. यामाशिता यांनी आपले स्वतःचे अल्बम दीर्घकाळ स्ट्रीमिंगपासून दूर ठेवले आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी सीडी किंवा २०२३ साली नव्याने छापलेल्या तबकड्यांकडे जावे लागते. 'प्लास्टिक लव्ह' मात्र सहज सापडते.

सचमॉसबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण २०१० च्या दशकात या संगीताला पुन्हा मोठ्या गर्दीपर्यंत नेणारा गट तोच. २०१३ साली कानागावा प्रांतात सुरू झालेल्या आणि पुढे सहा जणांच्या झालेल्या या गटाने आपले नाव लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'सॅचमो' या टोपणनावावरून घेतले. २०१६ साली आलेले त्यांचे 'स्टे ट्यून' होंडाच्या एका मोटारीच्या जाहिरातीत वाजले आणि घराघरांत पोहोचले, जसे ३६ वर्षांपूर्वी कॅसेटच्या जाहिरातीतून यामाशिता पोहोचले होते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते आपल्याच भागातल्या योकोहामा स्टेडियममध्ये वाजले. २०२१ च्या आरंभी त्यांनी थांबण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे बेसवादक सू यांचे निधन झाले. जॅझ कधीच न शिकलेला श्रोताही 'स्टे ट्यून' ऐकताना ज्यामुळे मान डोलवतो, ती चाल सू यांच्या बोटांतून आलेली आहे. जून २०२५ मध्ये उरलेले पाच जण योकोहामा अरीनाच्या मंचावर परतले, तेव्हा बेसची जागा दुसऱ्या वादकाने सांभाळली. सू यांचे वादन ऐकायचे असेल तर २०१७ च्या जानेवारीत आलेला 'द किड्स' हा अल्बम लावावा, आणि तो पहिल्या गाण्यापासूनच बेसच्या अंगाने ऐकावा.